सीतेच्या अशोकाला लाथ

"बाई, जरा झाडाला एक लाथ मारता का?"

बेडशाच्या शाळेत बदली होऊन आले, त्या पहिल्याच सकाळी शेजारच्या सोपानआबांनी मला हे विचारलं. मी पर्स छातीशी धरली. पण माणूस सत्तरीचा, धोतर स्वच्छ, आणि बोट खरोखरच अंगणातल्या झाडाकडे.

"सीतेचा अशोक हाय. बाईमाणसाची लाथ बसल्याबिगर फुलत न्हाई. कीर्तनात ऐकलंय."

कीर्तनकाराचं काय जातंय बोलायला! आबांनी मात्र ते मनावर घेतलं होतं. दूधवाली, आशाताई, लेणी बघायला आलेल्या कॉलेजच्या पोरी, कुणाचीच सुटका नव्हती. कुणी झाडाला पाय लावायला कचरली, की म्हणायचे, "पाय तुमचा, पाप माजं!" आणि लाथ बसली की स्वतः खोडाला हात लावून नमस्कार करायचे. कुणी म्हटलं, "अशोक तर उंच सरळसोट असतो ना?" की भडकायचे. "त्यो आसुपालव! बंगलेवाले भिंतीकडंनं लावत्यात. ह्यो पावसाच्या दाट रानातला, शेंगांचा. लय मानी हाय."

मानी कसला, ढिम्म! मी रोज शाळेत जाताना एक लाथ मारायची. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, पण झाडाला कळी म्हणून नाही. एक दिवस उशीर झालेला, माझं डोकंच फिरलं.

"आबा, अख्ख्या गावाला कशाला राबवता? घरात मावशी आहेत ना? आपल्या बायकोला सांगा की!"

आबांनी नुसतं दार उघडलं. आत खिडकीशी कॉटवर, एरवी नुसता आवाज ऐकू येणाऱ्या मावशी पडलेल्या. मणक्यात गाठ होती, कमरेखाली जीवच उरला नव्हता.

"घाटाखालच्या माहेरातनं हिनंच शेंग आणलती, वटीत," आबा हळू आवाजात म्हणाले. "फुलं बगून जाईन म्हनती. डॉक्टर म्हनला, होळी काय दिसत न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून मावशींना खुर्चीसकट झाडाशी आणलं.

"मार," आबा म्हणाले.

"पाय कुटं हलतोय ओ माजा? आन् झाडाला लाथ कशी मारू?"

"पाय तुजा, पाप माजं."

आबांनीच मावशींचा पाय दोन्ही हातांत धरून खोडाला टेकवला. मावशी खुदकन हसल्या. आबांनी नमस्कार केला, पण या खेपेला झाडाला नाही. त्या पायाला.

संक्रांतीनंतर मावशी गेल्या. होळी आली नि गेली. मेलं झाड काही फुललं नाही.

परवा आबांना तेवढंच बरं वाटेल म्हणून जाता जाता मी पाय उचलला. आबा ओट्यावरून धडपडत आले आणि खोडासमोर आडवे उभे राहिले.

"नगं बाई. ऱ्हाऊ द्या. तितं तिचा पाय लागलाय."