सुपातली फ्रेंच माशी

निवृत्त झाल्यावर पोस्टमास्तरांनी आयुष्यातला पहिला निर्णय बायकोला न विचारता घेतला. फ्रेंच शिकायचं! त्यांच्या लेकीनं परदेशात स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं होतं, आणि मुलाचे आईवडील महिन्याभरात भेटायला येणार होते. त्यांना फ्रेंचखेरीज काही येत नव्हतं.

"बाबा, मी येतेय ना सोबत. मी सांगेन काय म्हणतायत ते," लेक फोनवर म्हणाली.

पण व्याह्यांसमोर मुलीच्या बापानं मुखस्तंभासारखं बसायचं? छे!

क्लासच्या मॅडम तरुण होत्या आणि त्यांची पद्धत त्याहून तरुण होती. पुस्तक नाही, व्याकरण नाही. हातवारे, गाणी आणि नाटक, बस्स. "आधी हात हलवा, तोंड आपोआप मागून येतं," असं त्या म्हणायच्या. पोस्टमास्तर आठवड्याचे वार गाण्यात शिकले आणि आंघोळ करताना गाऊ लागले. (शुक्रवार उंच पट्टीत होता. तिथे शेजारची खिडकी बंद व्हायची.)

मग नाटक आलं. हॉटेलातला प्रवेश. मॅडमनी वर्गावरून नजर फिरवली आणि संतापलेल्या गिऱ्हाइकाची भूमिका पोस्टमास्तरांना दिली. "चेहरा तयारच आहे," म्हणाल्या. पोस्टमास्तरांना ही स्तुती वाटली.

घरी रोज तालीम सुरू झाली. चमचा वर, डोळे वटारून वाडग्यात, टेबलावर मूठ. "इल इया ऊन मूश दाँ मा सूप!" म्हणजे माझ्या सुपात माशी आहे! मग, "आपले ल पात्राँ!" म्हणजे मालकाला बोलवा!

"आपली पात्रं कालच घासलीत," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "स्वच्छ आहेत."

एकदा तर शेजारीण दार वाजवून गेली. "वहिनी, सगळं ठीक आहे ना? भाऊजी बरे आहेत ना?"

"फ्रेंच झालंय त्यांना," बायकोनं सांगितलं.

पाहुणे आले. व्याही उंच, हसतमुख. विहीणबाई ठेंगण्या, नीटनेटक्या. पोस्टमास्तर "बोंझूर" म्हणाले आणि त्यांचं फ्रेंच तिथेच संपलं. सगळे जेवायला बसले. बायकोनं सकाळपासून खपून केलेलं सूप वाढलं. चमचे तेवढे वाजत होते.

"बोला की काहीतरी," बायको कुजबुजली. "महिनाभर टेबल बडवलंत ना?"

पोस्टमास्तरांनी धीर करून चमचा उचलला. तिथेच घात झाला. चमचा वर गेला, तसे डोळे वाडग्यात गेले, मूठ टेबलावर आदळली, आणि तोंड आपोआप मागून आलं. "इल इया ऊन मूश दाँ मा सूप!"

लेकीच्या हातातला चमचा पडला. विहीणबाईंनी घाईघाईनं स्वतःच्या वाडग्यात पाहिलं.

"आपले ल पात्राँ!" पोस्टमास्तर गरजले. (आतून ते 'थांब, थांब' म्हणत होते. पण ते मराठीत होतं.)

व्याही ताडकन उठले. त्यांचा जन्म हॉटेलात वेटरकी करण्यात गेला होता, हे लेकीनं बाबांना सांगायचं राहून गेलं होतं. त्यांनी नॅपकिन मनगटावर टाकला, कमरेत वाकून माफी मागितली, वाडगा उचलला आणि थेट स्वयंपाकघरात गेले.

"अगंबाई, सूप परत नेलं!" बायको ओरडली. "काय बोललात तुम्ही त्यांना?"

व्याही नवा वाडगा घेऊन अदबीनं परतले. आता फक्त "मेर्सी", म्हणजे आभार, एवढंच म्हणायचं होतं. पण भूमिकेत मेर्सी नव्हतं. भूमिकेत शेवटचं वाक्य होतं, 'या घाणेरड्या जागी मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही!' ते अस्खलित म्हणून पोस्टमास्तर खुर्ची सारून उठले, तरातरा चालत गेले आणि दार आपटून स्वतःच्याच घरातून बाहेर पडले.

जिन्यात ते मोज्यांवर उभे राहिले. लेकीचं लग्न आपण आपल्या तोंडानं मोडलं, तेही शुद्ध उच्चारांत! आतून आधी बायकोचा, मग लेकीचा भराभर बोलण्याचा आवाज, आणि मग एकदम मोठा कल्लोळ ऐकू आला. रडतायत की काय?

दार किलकिलं झालं. लेक डोळे पुसत होती.

"मोडलं का गं?"

"कुठलं मोडतंय! हसून हसून पुरेवाट झालीय सगळ्यांची. सासरे म्हणतात, उभ्या जन्मात इतकी संतापलेली गिऱ्हाइकं सोसली, पण त्यातलं एक स्वतःहून बाहेर गेलं, हे सुख आजच पाहिलं."

पोस्टमास्तरांच्या जिवात जीव आला. ते आत पाऊल टाकणार, एवढ्यात लेकीनं दार जरा पुढे केलं.

"थांबा हं, बाबा. आई म्हणतेय, इतकं निवांत जेवण कधी होत नाही. आमचं आटोपलं की हाक मारते."