खेळातल्या म्हातारीचं औषध

"आता म्या जे सांगनार हाय, त्याच्यावर तुमच्यातला एक बी जन इस्वास ठेवनार न्हाई," असं म्हणून चिमाजीने हिर्डोशीच्या एसटी शेडमधल्या बाकावर मांडी ठोकली, आणि शेडमधले चारही म्हातारे सावरून बसले. हे वाक्य त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. वाघाच्या पाठीवर बसून वरंधा घाट उतरल्याची गोष्ट याच वाक्याने सुरू व्हायची, आणि भाताच्या एका लोंबीवर लग्नाची पंगत उठल्याचीही. पण गेल्या वर्षभरात चिमाजीच्या तोंडून ते निघालं नव्हतं.

त्याची बायको चंद्राबाई आजारी पडली तेव्हा तो भोरला तिचं औषध आणायला गेला होता. औषध मिळालं, परतीची एसटीही फलाटाला लागली. तेवढ्यात स्टँडवर कुणीतरी म्हणालं, पाव्हणं, ती वाघाची गोष्ट सांगा की. वाघ अर्ध्या घाटात होता आणि एसटी सुटली. पुढची गाडी तीन तासांनी. चिमाजी घरी पोचला तेव्हा अंगणात माणसं जमली होती, आणि त्याच्या हातातल्या पिशवीत काय आहे हे कुणी विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून तो 'व्हय' आणि 'न्हाई' यापलीकडे बोलत नव्हता.

त्याची नात शिवानी पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. दिवाळीला आली, आजोबांचं ते गप्प बसणं तिने दोन दिवस पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या मोबाईलमध्ये खेळ भरायला घेतले. चिमाजीने तोवर मोबाईलवर फोन घेणे आणि फोन कापणे एवढंच केलेलं होतं. "आबा, यात गोळीबार नाही, गोष्ट आहे," ती म्हणाली. "फक्त ऐकायची नाही. गोष्टीतला माणूस तुम्हीच व्हायचं."

पहिला खेळ खुनाच्या तपासाचा दिला. चिमाजी फौजदार. पण खुनी इतकं कच्चं खोटं बोलत होता की चिमाजीला त्याची दया आली. असल्या माणसाच्या हातून खून कसला होतोय, म्हणून त्याने त्याला सोडून दिलं आणि खेळ दहा मिनिटांत संपला. दुसऱ्या खेळात एक माणूस यानात बसून एकटाच आभाळात चालला होता. चार दिवस झाले तरी तो जेवला कधी ते दाखवेनात, म्हणून चिमाजीने तोही ठेवून दिला. तिसरा खेळ द्यायला शिवानी कचरली. डोंगरातलं एक म्हातारं जोडपं, म्हातारी अंथरुणाला खिळलेली, म्हाताऱ्याने पेठेतून औषध घेऊन परत यायचं. मराठीत केलेले खेळ तिला तीनच ठाऊक होते, आणि हा शेवटचा. "नको वाटला तर बंद करा हं आबा," असं बजावून ती पुण्याला गेली.

चिमाजीने तो बंद केला नाही. गावाला घोर लागला तो तिथून.

खेळात कुठे अडलं की शिवानीला विचारायचं, आणि रेंज मिळायची ती फक्त एसटी शेडमध्ये. त्यामुळे चिमाजी तिथे उभा राहून ओरडू लागला, "अगं, म्हातारीचा ताप उतरंना. कालधरनं पानी बी घेत न्हाई. म्या निगू का थांबू?" हे शेजारच्या सोनबाने ऐकलं. दिवस मावळेपर्यंत सगळ्या गावाला कळलं की चिमाजीच्या घरात एक आजारी म्हातारी आहे. कुणी म्हणे त्याची विंझरला दिलेली बहीण, कुणी आवाज बारीक करून भलतंच म्हणे. सकाळी गावच्या आशा सेविका नूतनताई तापाच्या गोळ्या घेऊन आल्या. त्यांच्या मागे दोन बायका पेजेचं पातेलं घेऊन, आणि त्यांच्या मागे सोनबा जीप घेऊन. भोरच्या दवाखान्यात न्यायला म्हणून त्याने जीपमध्ये गादीही घातली होती.

घरात एकच वाकळ होती, तीही घडी घातलेली.

"आबा, पेशंट कुठंय?" नूतनताईंनी विचारलं.

चिमाजीने खाली मान घालून मोबाईल पुढे केला. सोनबा तापला. डिझेल काय झाडाला लागतं का, असं तो बराच वेळ बोलत होता. पण बोलता बोलता त्यानेही मोबाईलमध्ये डोकावलं. चित्रातली म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. नूतनताई बघत राहिल्या आणि सवयीने विचारून गेल्या, "ताप किती दिवसांचा आहे?" मग कुणी रागावलं नाही. आणलेली पेज परत कशी न्यायची, म्हणून ती चिमाजीला पाजली.

आता खेळ सगळ्या गावाचा झाला. खेळात औषध मिळालं होतं आणि परतीला पुढे वाट फुटत होती, घाटावरून जायचं की नदीकाठाने. चिमाजी एकटा ठरवायला तयार होईना. "मागल्या टायमाला म्या एकलाच हुतो," एवढंच म्हणाला. शेवटी देवळात माणसं बसली. चाळीस वर्षं गुरं राखलेला गेनबा म्हणाला, घाटात धुकं असतंय, नदीचीच वाट धरा. बाकीचे म्हणाले, नदीचा भरवसा नाही. हात वर करायला लावले. घाटाला अकरा हात, नदीला तीन. गेनबा उठला, धोतर झाडलं आणि म्हातारीचं काही झालं तर माझ्याकडे येऊ नका, म्हणून निघून गेला.

घाटातल्या टपरीवर चित्रातला एक माणूस म्हणाला, बसा पाव्हणं, काहीतरी सांगा. खाली दोन चौकटी आल्या, एक बसायची आणि एक निघायची. सगळे बघत होते. चिमाजीने मोबाईल तोंडाजवळ धरला. "आज येळ न्हाई रं बाबा," तो मोबाईलला म्हणाला, आणि निघायची चौकट दाबली. मग ताडकन उठला, मोबाईल बंडीत घातला आणि घरी गेला. पुढचं त्याने कुणाला पाहू दिलं नाही.

ते काल. आणि आज तो शेडमध्ये मांडी ठोकून सांगत होता. धुकं असं, की पुढं केलेला हात सापडेना. वाटेत अस्वल आलं, त्याला कानाला धरून बाजूला केलं. पूल मोडलेला, तर वेलाला लोंबकळून पलीकडे गेलो. कुठं बसलो नाही, कुणाशी बोललो नाही. म्हातारे ऐकत होते. वर्षभराने त्याचे हात पुन्हा हवेत फिरत होते, आणि अस्वलाबद्दल विचारायचं कुणाच्या मनात येत नव्हतं.

"दार ढकललं," चिमाजी म्हणाला. त्याचा आवाज खाली आला. "दिस बुडायचा हुता अजून. औषध पाजलं. घटकाभरानं तिनं डोळं उघडलं. म्हनली, येळंत आला तुमी. उठून बसली. भाकरी मागितली."

सोनबाने टोपीने डोळे पुसले. खालच्या वळणावर एसटीचा आवाज आला, पण कुणी पिशवी उचलली नाही.

बाकाच्या टोकाला रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या गेनबाने खिशातून आपला मोबाईल काढला आणि मांडीवर ठेवला. नदीची वाट बरोबर होती हे दाखवायचं म्हणून त्याने सुनेकडून तो खेळ घालून घेतला होता. आधी नदीने गेला. मग घाटाने. मग पुन्हा एकदा घाटाने.

"खोटं बोलतुयास, चिमाजी," तो रस्त्याकडे बघतच म्हणाला. "म्या तिसऱ्या खेपंला पानी प्यायला सुदिक थांबलो न्हाई. तरी ती गेल्याली हुती."