वरच्या मजल्यावरची वाफ

“हवेच्या दहा लाख कणांत तुझे फक्त पाच, म्हणे! कुसळ तरी केवढं असतं गं? डोळ्यात गेलं म्हणजे कळतं!” आमच्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वाफेला मी हे सुनावलं, तोवर भांडण चांगलं पेटलं होतं.

आमची इमारत ढगांच्याही वर जाते. थांबायचं कुठं, ते बिल्डरला कळलं नाही. खालच्या मजल्यांवर वाफ भरपूर, पण ती आठवडाभर टेकते आणि पाऊस होऊन निघून जाते. ढगांवरची ही मूठभर मात्र वर्षानुवर्षं हलत नाही. वर गच्चीच्या दारात आडवी पसरते. दिवसभराची उष्णता रात्री त्याच दारानं बाहेर पडायची असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ही बया त्यातली काही परत खाली धाडते. ती उष्णता येते थेट शेवंताच्या खोलीत. शेवंता माझी धाकटी जाऊ, दम्याची. या उन्हाळ्यात तिची एक रात्र आडवं होऊन गेलेली नाही.

“मावशी, यांच्याबद्दल तक्रार नाही कुणाची,” सेक्रेटरी वैरागडे म्हणाले. “आवाज नाही, कचरा नाही. पाणीसुद्धा वापरत नाहीत.”

“वापरेल कशाला? स्वतःच पाणी आहे ती!”

“हा मुद्दा ग्राह्य आहे,” वैरागडे म्हणाले.

वाफ शांतच होती. “आजी, मी आपण होऊन आले का? तुम्ही खाली कोळसा जाळलात, हवा तापली. तापल्या हवेत मला जास्त जागा होते, म्हणून चढले. हवा निववा, उतरते.”

लिफ्ट भरभरून भांडायला आलेले आमचे शूर सभासद आता आपापल्या चपला न्याहाळू लागले. प्रत्येकाच्या घरी त्या वेळी त्याच कोळशाच्या विजेवर एसी चालू होता, रिकाम्या खोलीला गार वाटावं म्हणून. वैरागडे म्हणाले, पुढच्या सभेत उपसमिती नेमता येईल.

“मग शेवंताला काय उपसमितीत झोपवू?”

वाफेचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच मला जास्त झोंबलं. मी तिच्याकडे पाठ केली आणि या सगळ्यांकडे तोंड करून म्हणाले, “आजपासून ज्याच्या रिकाम्या खोलीत एसी सुरू दिसेल, त्याच्या पलंगाला लागून शेवंताची खाट टाकीन, आणि तिच्या उशाशी मी बसेन, रात्रभर बोलत.”