जर्मन नव्हे, बाडनचा

राइनरला कोणी जर्मन म्हटलं की तो हातातलं काम बाजूला ठेवून नकाशा काढायला बसायचा. मिळेल त्या कागदावर. एक्स-रेचं जुनं पाकीट, कँटीनमधला नॅपकिन, एकदा तर माझ्या ड्यूटी रोटाची मागची बाजू. आधी वरून खाली एक वाकडी रेघ. ही ऱ्हाइन नदी. रेघेच्या डावीकडे फ्रान्स. उजवीकडे नदीला चिकटून पडवळासारखी एक लांबट पट्टी. हे बाडन, जर्मनीतला त्याचा मुलूख. मग पट्टीच्या उजवीकडचा भाग तो पेन्सिल आडवी धरून काळाकुट्ट करायचा.

"आणि इथे," तो म्हणायचा, "श्वाब लोक राहतात."

साउथहॅम्प्टनजवळच्या एका लहान हॉस्पिटलात मी तेव्हा वयस्करांच्या वॉर्डची डॉक्टर होते आणि राइनर तळमजल्यावर रेडिओलॉजिस्ट. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांची हाडं वाचायची, हे त्याचं काम. सव्वासहा फूट उंची, गळ्यापर्यंत बटणं लावलेलं करडं कार्डिगन, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याला कुलूप लावून किल्ली खिशात टाकतोय असं वाटावं. वय चोपन्नच्या आसपास. लग्न केलं नव्हतं. इंग्लंडात वीस वर्षं काढली होती, पण इंग्रजांबद्दल त्याचं काहीच म्हणणं नव्हतं. जे काय म्हणणं होतं ते सगळं जर्मनांबद्दल.

"बव्हेरियाचे लोक चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या घालतात आणि जगाला वाटतं आम्ही सगळेच घालतो," तो सांगायचा. "कोलोनच्या माणसाला हसायचं असलं तर तो आधी कॅलेंडर बघतो, कार्निव्हल कधी आहे ते. हँबर्गचा माणूस सकाळी एक शब्द बोलतो आणि तोच दिवसभर पुरवतो. बर्लिनवाल्याला काही सांगायला जाऊ नये, त्याला ते आधीच माहीत असतं." एवढं झालं की शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, "तक्रार नाही. माहिती देतोय."

श्वाबांबद्दल मात्र तो माहिती देत नसे, साक्ष देत असे. बाडनच्या शेजारचे हे लोक. दोघांचं मिळून एकच राज्य केलं गेलं त्याला पन्नास वर्षं होऊन गेली होती, पण राइनरच्या लेखी ते कालच घडलं होतं. "मी जन्मलो तेव्हा बाडन वेगळं होतं," तो म्हणे. "मी वर्षाचाही नव्हतो, तेव्हा जोडून टाकलं. मला कोणी विचारलं नाही." श्वाब लोक आठवड्याच्या पाळ्या लावून घरापुढचा रस्ता झाडतात, आणि झाडताना रस्त्याकडे कमी आणि शेजाऱ्याकडे जास्त बघतात. श्वाबांना रविवारी बरं वाटत नाही, कारण त्या दिवशी काम करता येत नाही. "बाडनवर सूर्य हसतो आणि श्वाबांवर सगळं जग," ही त्याच्या गावाकडची म्हण मला त्याने इतक्यांदा ऐकवली होती की आमच्या वॉर्डच्या केरळच्या सिस्टरनाही ती पाठ झाली होती.

तत्त्वासाठी माणूस किती हाल सोसतो ते राइनरच्या गाडीकडे पाहून कळायचं. उत्तम जर्मन गाड्या श्वाबांच्या मुलखात बनतात, म्हणून याने वीस वर्षं एक जुनी फ्रेंच गाडी वापरली. हिवाळ्यात ती आठवड्यातून एकदा तरी कार पार्कमध्ये बसकण मारायची. मी माझ्या जपानी गाडीत लिफ्ट द्यायचे. तो गुडघे हनुवटीला लावून बसायचा आणि गप्प असायचा. एकदा मी म्हटलं, "राइनर, अरे घे की त्यांची गाडी. लोखंडाला काय गाव असतं का?"

"लोखंडाला नसतं," तो म्हणाला. "स्क्रू पिळणाऱ्याला असतं."

आमच्याकडे तो पहिल्यांदा जेवायला आला तो दिवाळीत. मी अमरावतीची, नवरा, श्रीकांत, पुण्याचा. चकलीचा तिसरा तुकडा मोडत राइनरने गंभीरपणे विचारलं, "तुमच्या महाराष्ट्रात श्वाब कोण?"

मी श्रीकांतकडे बोट दाखवलं आणि त्याच क्षणी श्रीकांतने माझ्याकडे.

मग दोन तास राइनरने आमची उलटतपासणी घेतली. पुण्याचा माणूस दुपारी दारावर आलेल्याला काय म्हणतो, नागपूर-अमरावतीचा माणूस पाहुण्याला किती आग्रह करतो, सगळं त्याला हवं होतं. श्रीकांतने माझ्या माहेरच्या बोलीची नक्कल करून दाखवली, "काय करून राहिली तू?" मी हसले. लग्नानंतर पहिल्या वर्षातच ती बोली मी जिभेवरून उतरवली होती. सासरच्या लोकांसमोर बरं दिसत नाही म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं, आपणच समजून घेतलं. राइनर मात्र हसला नाही. तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि मग त्याने चकलीची कृती विचारली. त्या दिवसापासून तो श्रीकांतची चौकशी "तुझा श्वाब कसा आहे?" अशीच करायचा.

पुढच्या जानेवारीत माझ्या वॉर्डमध्ये विली आले. वय एकोणऐंशी. महायुद्धाच्या शेवटी विशीच्या आतला एक जर्मन युद्धकैदी म्हणून ते इथे आले होते, एका शेतावर कामाला लावले गेले, आणि सुटका झाल्यावर परत गेलेच नाहीत. शेतमालकाच्या भाचीशी लग्न केलं, आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केले. मूलबाळ नव्हतं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मग विस्मरणाचा आजार झाला, आणि त्या आजारात कधीकधी होतं तसं, नंतर शिकलेली भाषा आधी गेली. साठ वर्षांचं इंग्रजी पुसलं गेलं आणि खाली लहानपणचं जर्मन तेवढं राहिलं.

घरात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या हॉस्पिटलात ऑपरेशन छान झालं होतं, आमच्याकडे पाठवलं ते फक्त चालतं करायला. पण विली उभेच राहिनात. फिजिओने हात धरला की ओरडायचे. जेवण ढकलून द्यायचे. अकरा दिवसांत वजन इतकं उतरलं की मला काळजी वाटू लागली. या वयात माणूस अंथरुणाला खिळला की पुढे काय होतं ते मी पुष्कळ पाहिलं होतं.

आम्ही फोनवरून दुभाष्या बाई मिळवल्या. चांगलं शुद्ध जर्मन बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, यांचं बोलणं नीटसं कळत नाही, पण पाऊल दुखतंय म्हणतात. आम्ही पावलाचा एक्स-रे काढला. पाऊल ठणठणीत. मग म्हणाल्या, त्यांना मीठ हवंय. सिस्टरने ट्रेवर मिठाच्या पुड्या ठेवल्या, विलींनी त्या भिरकावल्या. शेवटी बाई जरा चाचरत म्हणाल्या, "डॉक्टर, ते सारखा गालिचा मागतायत."

लंचच्या वेळी मी राइनरला हे सांगितलं. गालिचा ऐकल्यावर त्याचा सूपचा चमचा वाटीत थांबला.

"पाऊल, मीठ आणि गालिचा," तो म्हणाला. "तो श्वाब आहे."

"तू येऊन बोलशील का त्यांच्याशी?"

"मला त्या लोकांची भाषा येत नाही." त्याने सूप संपवलं, ट्रे उचलला आणि निघून गेला. मला राग आला. माणसाचं खूळ खूळ म्हणून ठीक आहे, पण वर एक म्हातारा उपाशी पडलाय.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी वॉर्डमध्ये आले तर विलींच्या पलंगाचा पडदा अर्धा ओढलेला. आतून बोलण्याचा आवाज येत होता. विलींचा आवाज मी ओळखत होते. दुसरा आवाज ओळखीचा वाटेना. मऊ, लाडिक, शब्दाशब्दाला हेल काढणारा. माझी आत्या गावाकडे वासराशी बोलायची तसा. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. लहानशा खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन राइनर बसला होता. कार्डिगनची वरची दोन बटणं उघडी होती. विलींनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि ते न थांबता बोलत होते.

मला बघून राइनर इंग्रजीत आला, आणि त्याबरोबर त्याचा जुना आवाजही परत आला. "टेपिख म्हणजे श्वाबांकडे गालिचा नाही, ब्लँकेट. त्यांना थंडी वाजतेय. ग्सेल्ट्स म्हणजे मीठ नाही. जॅम. त्यांना ब्रेडला जॅम हवाय. आणि फूस म्हणजे बाकी जर्मनीत पाऊल, पण यांच्याकडे खुब्यापासून बोटापर्यंत सगळंच फूस."

"म्हणजे पाय," मी म्हटलं. "आमच्यातही तसंच आहे. पाय म्हणजे सगळाच पाय."

"शहाणी भाषा आहे," राइनर म्हणाला. "पाय मोडलाय, आणि मोडक्या पायावर ही माणसं मला उभं करतायत, असं ते म्हणतात. पाय दुरुस्त झालाय हे त्यांना अजून कोणी कळेल असं सांगितलेलंच नाही."

सांगितलं होतं आम्ही सगळ्यांनी. पण कोणत्या भाषेत?

राइनर खाली जाऊन ऑपरेशननंतरची एक्स-रे फिल्म घेऊन आला. खिडकीच्या उजेडात ती धरून त्याने विलींना दाखवली. हाडात बसवलेला लांब स्क्रू आणि पट्टी पांढरी स्वच्छ दिसत होती. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाने चष्मा मागितला. फिल्म स्वतःच्या हातात घेतली. वरून खाली पाहिली, तिरकी करून पाहिली, स्क्रूवर बोट फिरवलं. पाच मिनिटं गेली असतील. मग ते काहीतरी म्हणाले आणि राइनर हसला.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, काम नीट केलंय. हा कारागीर नक्की श्वाब असणार."

ऑपरेशन करणारा सर्जन लाहोरचा होता. पण राइनरने ते सांगितलं नाही.

त्या दुपारी विलींनी जॅम लावून तीन ब्रेड खाल्ले, आणि चार वाजता फिजिओच्या आणि राइनरच्या मध्ये उभे राहिले. पहिल्या दिवशी मिनिटभर. आठवड्याने खिडकीपर्यंत. राइनर रोज लंचला यायचा, तिथेच सँडविच खायचा. फेब्रुवारीच्या शेवटी विली वॉकर धरून स्वतःच्या पायांनी केअर होमच्या गाडीपर्यंत गेले. राइनरच्या गाडीबद्दल त्यांनी ऐकलं असावं, कारण निघताना त्यांनी कार पार्ककडे बोट करून बराच वेळ काहीतरी बजावलं. दर शनिवारी भेटायला यायचं आणि येताना गाडी घेऊन यायची, बॉनेट उघडून बघतो, असं ते म्हणत होते, हे राइनरने सांगितलं.

गाडी गेल्यावर आम्ही दोघं दाराशीच थांबलो. मी म्हटलं, "तुला त्यांची भाषा येत नाही म्हणाला होतास."

राइनरने कार्डिगनचं बटण लावलं, सोडलं, परत लावलं.

"माझी आई श्वाब आहे," तो म्हणाला. "लग्न होऊन आमच्या गावात आली. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत मी तिच्यासारखाच बोलायचो. मग शाळेतली मुलं चिडवायला लागली. तिची नक्कल करायची, दुकानात, चर्चच्या दारात. एकदा ती मला शाळेतून न्यायला आली आणि सगळ्यांसमोर तिच्या बोलीत हाक मारली. घरी येऊन मी तिला सांगितलं, माझ्या मित्रांसमोर तू बोलत जाऊ नकोस."

"लहान होतास तू."

"हो. पण तिने ऐकलं ना माझं." तो रस्त्याकडे बघत होता. "दुसऱ्या दिवसापासून पुस्तकातलं जर्मन बोलायला लागली. बाहेर, आणि मग घरातही. हळू, जपून, व्याकरण सांभाळत. स्वतःच्या घरात पाहुणी असल्यासारखी. बाबा गेले तेव्हा रडली, तेही शुद्ध भाषेत. आता ऐंशी वर्षांची आहे, एकटी राहते. दर रविवारी मी फोन करतो. हवा कशी आहे, तब्येत कशी आहे. दहा मिनिटं. पुढे दोघांकडेही शब्द नसतात."

मी त्याच्या कोपराला हात लावला आणि आम्ही आत गेलो.

सोमवारी सकाळी तो माझ्या वॉर्डमध्ये आला. कधी कामाशिवाय वर न येणारा माणूस. मी नोट्स लिहीत होते. तो टेबलाच्या कडेला टेकला आणि काही प्रस्तावना न करता म्हणाला, "काल फोन केला. आईच्या बोलीत बोललो."

"मग?"

"ती म्हणाली, कोण बोलतंय? मी म्हटलं, मी राइनर. तर म्हणाली, नाही, राइनर असं बोलत नाही. मी म्हटलं, आता बोलतो."

मी पेन खाली ठेवलं. "काय म्हणाल्या त्या?"

"माझ्या चुका काढायला लागली. हा शब्द असा नाही, तो तसा नाही, असं कोण बोलतं, कुठे शिकलास." राइनरचे डोळे ओले होते आणि तोंडभर हसू होतं. "दीड तास, सुनीता. एका श्वाबने दीड तास माझ्या चुका काढल्या."

ईस्टरला तो दोन आठवड्यांची रजा टाकून गेला. आईला तिच्या माहेरच्या गावी न्यायचं होतं. ती चाळीस वर्षांत तिकडे गेली नव्हती.