चावी माझ्याकडे, मी रांगेत

आमच्या थॉर्नहिदच्या करमणुकीच्या धक्क्याचा इतिहास माझ्याइतका अख्ख्या इंग्लंडात कुणाला ठाऊक नाही! समुद्रात लांबवर गेलेल्या या धक्क्याच्या पार टोकाला मी एका खोलीत संग्रहालयही थाटलंय. बोटींच्या घंटा, नृत्यगृहाचं झुंबर, नाणं टाकलं की भविष्य सांगणारी यंत्रातली म्हातारी! फक्त तिथे कुणी फिरकत नाही, एवढंच.

धक्क्याच्या व्यवस्थापिका पार्जेटरबाईंनी एकदा स्पष्टच सांगितलं, "सिरिल, रविवारी दुपारी मी येणार. दारापुढे माणसं दिसली नाहीत तर ती खोली गोळीबाराच्या खेळांना!"

मी बायकोला म्हटलं, "डोरीन, तू फक्त बंद दारापुढे उभी राहा. एक माणूस उभा दिसला की आपले लोक मागे रांग लावतात. कशाची, हे विचारणं असभ्य!"

"आणि तू काय करणार?"

"ऐन वेळी दार उघडणार!"

रविवारी डोरीन उभी राहिली, मी खिसा चाचपला, आणि चावी घरी! धापा टाकत घरी गेलो, धापा टाकत परत आलो. बघतो तर काय! रांग भुताच्या आगगाडीच्या खेळाला वळसा घालून थेट फाटकापर्यंत! मला रडूच यायचं बाकी होतं. मी कडेकडेने पुढे सरकलो.

"ओ साहेब! शेपूट तिकडे आहे!"

"अहो, दार मीच उघडणार आहे. चावी माझ्याकडे आहे!"

"वा! मघाचा तो म्हणत होता, त्याची बायको पुढे आहे."

"माझीही बायको पुढे आहे!"

सगळे खो खो हसले. मी मुकाट्याने शेवटी जाऊन उभा राहिलो. करणार काय? जन्म रांगेत गेलेला माणूस मी!

रांग हलेना. हलणार कशी, कपाळ!

"इतकं ताटकळत ठेवतात," पुढच्या फुलांच्या टोपीवाल्या आजी म्हणाल्या, "म्हणजे आत काहीतरी जबरदस्तच असणार!"

मला राहवेना. मी इतिहास सुरू केला. वादळात बोट धक्क्यात घुसली तरी वाजतच राहिलेला बँड, आरसेमहालात अडकलेले महापौर, सगळं सांगितलं! जागा जाईल म्हणून कुणी हलेना. असे श्रोते मला जन्मात मिळाले नव्हते. शेजारून चिप्सवाले आणि आइस्क्रीमवाले फेऱ्या मारत होते.

तेवढ्यात पार्जेटरबाई आल्या. "सिरिल, तू इथे काय करतोयस?" म्हणत मला दंडाला धरून पुढे नेलं. त्यांच्या गळ्यात बिल्ला होता, म्हणून कुणी हूं की चूं केलं नाही. मी दार उघडलं.

"धक्क्याचं संग्रहालय! प्रवेश मोफत!"

पुढच्यांनी आत डोकावून पाहिलं.

"संग्रहालय?"

"मला वाटलं, शौचालय!"

बघता बघता धक्का मोकळा. उरली एकटी डोरीन, तीही खुर्ची मागत. गेली खोली!

पण पार्जेटरबाई खुशीत! "अरे, चिप्स संपले, आइस्क्रीम संपलं! असा धंदा कधी झाला नव्हता. खोली तुझीच. दर रविवारी डोरीनला उभी कर."

"खरंच, बाई?"

"अगदी खरं. फक्त एक सांभाळ, सिरिल. दार उघडू नकोस!"