शून्य रुग्णांची गल्ली

पेद्रा मांसा हे डोंगरातलं थंड गाव. तिथे डेंग्यूचा डास यंदा पहिल्यांदाच आला, आणि कोणाचीही परवानगी न घेता आला, याची नगरपालिकेने गंभीर दखल घेतली. एप्रिलमध्ये लसीकरण झालं. जूनमध्ये सांव जोआंवचा, मांडव घालून नाचायचा सण होता. मधल्या काळात पालिकेला काहीतरी करणं भागच होतं, म्हणून तिने परिपत्रक काढलं: सणाच्या चार दिवस आधी गल्लोगल्ली रक्त तपासलं जाईल आणि ज्या गल्लीत डेंग्यू नाही तिलाच मांडव मिळेल.

पेरूच्या गल्लीतल्या झुल्मिराबाईंना त्याची काडीचीही चिंता नव्हती. सणात जे लुटुपुटूचं लग्न लागतं, त्यातल्या नवरीचा झगा बाईंनी तीस वर्षं शिवला आणि तीस वर्षं तो दुसऱ्याच कुणीतरी घालून मिरवला. यंदा मार्चातच गल्लीने चिठ्ठ्या टाकल्या आणि नवरी म्हणून त्यांचंच नाव निघालं. वय सदुसष्ट, पण लाजल्या अगदी सोळाव्या वर्षासारख्या. या लग्नात विघ्न नको म्हणून त्यांनी गल्लीतल्या सेहेचाळीस माणसांना दंडाला धरून नेलं आणि त्याच दंडावर लस टोचून आणली.

तेव्हा नर्स इवानिल्दीने समजावलं होतं, "डेंग्यूचे चार भाऊ आहेत. लशीत चौघांचे दात पाडलेले नमुने असतात. शरीर त्यांची तोंडं ओळखून ठेवतं आणि रक्तात पहारेकरी नेमतं. उद्या खरा आला की ते त्याला दारातच धरतात." दोन दिवस दंड दुखले, कुणाला थोडी कणकण आली, एवढंच.

ठरल्या दिवशी पालिकेची माणसं येऊन बोटं टोचून गेली. पट्टीवर एक रेघ म्हणजे निरोगी, दोन म्हणजे डेंग्यू. पेरूच्या गल्लीत सेहेचाळीसच्या सेहेचाळीस पट्ट्यांवर दोन-दोन रेघा उमटल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या तोंडाला लाल फीत बांधली गेली आणि फलक लागला: 'डेंग्यूग्रस्त गल्ली'. पाववाला लांब काठीला पिशवी अडकवून पाव देऊ लागला.

दुसऱ्या दिवशी बाई फितीखालून वाकून थेट आकडेवारी विभागात गेल्या. विभागप्रमुख वाल्देसिर याची लहानपणची विजार त्यांनीच शिवली होती.

"अरे, आमच्यात साधी शिंकसुद्धा कुणाला नाही."

"दोना झुल्मिरा," तो अदबीने म्हणाला, "फॉर्मात शिंकेचा रकाना नाही."

"ती दुसरी रेघ लशीची आहे. पट्टीला दिसले ते रक्तातले पहारेकरी आहेत!"

"असतील. पण पहारेकरी आहेत, म्हणजे चोर येऊन गेला असणार. उगाच कोण कशाला पहारा देईल?"

"मग तुझ्या कचेरीच्या दारात तो एक पेंगतोय, तो कशाला ठेवलाय?"

हा प्रश्न वाल्देसिरने नोंदवून घेतला नाही. "एक करा," तो म्हणाला. "ते पहारेकरी काढून टाका आणि नव्याने तपासून घ्या."

"ते वर्षानुवर्षं राहतात म्हणे."

"मग वर्षानुवर्षांनी या. आम्ही इथेच आहोत."

"मेल्या, मी सदुसष्टची आहे! तोवर तो झगा काय तिरडीवर घालू?" बाईंचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी विचारलं, "तू तरी घेतलीस का लस?"

"छे! आधी लोकांना काय होतं ते बघावं, मग ठरवावं. कुणीतरी बघणारा नको का?"

मांडव मिळाला पलीकडच्या टायरवाल्या गल्लीला. तिथे जेनिवालच्या दुकानापुढे जुन्या टायरांचा डोंगर होता आणि प्रत्येक टायरात पाणी. लशीच्या दिवशी फुटबॉलचा सामना होता, त्यामुळे तिथलं कुणीच टोचायला गेलं नव्हतं. तपासणीच्या दिवशी अकरा जण तापाने अंथरुणाला खिळलेले होते. पण ताप दोन दिवसांचा. नवा चोर ओळखून पहारेकरी उभे करायला शरीराला पाच-सहा दिवस लागतात. सगळ्या पट्ट्यांवर एकच रेघ आली. रुग्णसंख्या शून्य. 'डेंग्यूमुक्त गल्ली'चं प्रशस्तिपत्र जेनिवालने पडल्यापडल्याच स्वीकारलं.

सणाच्या दिवशी दुपारी वाल्देसिर धापा टाकत पेरूच्या गल्लीत आला. डोळे लालबुंद झाले होते.

"दोना झुल्मिरा, अब्रू वाचवा! पाचला महापौर येताहेत आणि टायरवाल्या गल्लीत उरलेलेही आडवे झालेत, उभं राहील असं एक माणूस नाही. त्यांची नवरी क्लाउदिनेया, तिला मानसुद्धा उचलवत नाही."

"आम्ही डेंग्यूग्रस्त ना रे?"

"ते कागदावर. क्लाउदिनेया कागदावर निरोगी आहे. तेव्हा तुम्ही क्लाउदिनेया म्हणून नाचा."

बाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. "अरे, तुझ्यावर तर भाकरी भाजेल!"

"शक्य नाही," वाल्देसिर दात वाजवत म्हणाला. "सकाळीच तपासलंय. एकच रेघ आहे."

सेहेचाळीस डेंग्यूग्रस्तांनी लाल फीत ओलांडली. आधी घरोघर पातळ सूप आणि पाणी पोचवलं, मग छातीवर आजाऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावून मांडवात नाचायला उतरले. लुटुपुटूच्या पाद्र्याने नवरीला नाव विचारलं. "क्लाउदिनेया," झुल्मिराबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वय बावीस." महापौरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी इतक्या गिरक्या घेतल्या की नवराच आधी दमला. तीस वर्षांची त्यांची हौस त्या संध्याकाळी फिटली.

वाल्देसिर आठवडाभर आडवा होता. पट्टी निरोगी असल्याने आजारपणाची रजा मिळाली नाही. सातव्या दिवशी दुसरी रेघ उमटली, रजा मंजूर झाली, आणि त्याच दिवशी त्याला बरंही वाटू लागलं. त्या रजेत त्याने अहवाल लिहिला. लस घेतलेल्या गल्लीत रुग्ण सेहेचाळीस. लस न घेता टायर बाळगणाऱ्या गल्लीत शून्य, शिवाय रहिवाशांचा नाचण्यातला उत्साह खुद्द महापौरांनी पाहिलेला. सबब, प्रत्येक गल्लीत टायरांचा ढीग करावा.

अहवाल ऐकून झुल्मिराबाई झग्याची शिवण उसवेपर्यंत हसल्या. तुम्हीही हसला असाल. फक्त हसता हसता मघाशी मानेवर जी चापट मारलीत, तो डास कुठून आला ते एकदा वाकून आपल्याच कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात बघा.