स्टेशनमास्तरांचे पंचेचाळीस खण

"आठ दिवस! फक्त आठ दिवस द्या मला," सुगानो तेइझो म्हणाले, "आणि डोळे मिटून हात घाला, हवं ते गाणं हातात येईल!"

कोसेहामा गावच्या समाजमंदिरात चारशे बारा कॅसेटी होत्या. नुसतं संगीत असलेल्या. गायचं आपण, माइक धरून. एका कॅसेटवर एक गाणं. त्या तीन पेट्यांमध्ये अशा कोंबल्या होत्या, की एक काढायला गेलं तर चौदा बाहेर यायच्या आणि हवी ती नेमकी पंधरावी असायची. ज्येष्ठ मंडळाच्या अध्यक्ष तोकिताबाई या प्रकाराला टेकीला आल्या होत्या. त्यात सप्टेंबरातला ज्येष्ठांच्या सन्मानाचा दिवस जवळ आला होता, आणि त्या दिवशी पलीकडच्या ओगीमुरा गावचं मंडळ पाहुणं येणार होतं. पाहुण्यांसमोर पेट्या उपसत बसायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न!

तेइझो रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. दोन वर्षं झाली तरी गाव त्यांना स्टेशनमास्तरच म्हणायचं, आणि ते सकाळी दात घासतानासुद्धा घड्याळ बघायचे. त्यांनी सुताराकडून मोठं कपाट करून घेतलं. आ, इ, उ, ए, ओ, मग का, की, कु, के, को... अशी सगळी मुळाक्षरं ओळीने, प्रत्येकाला एक खण. गाण्याचं नाव ज्या अक्षराने सुरू होतं त्या खणात ते गाणं. शेंबडं पोरही शोधू शकेल!

"अहो, हा शेवटचा खण कशाला?" त्यांच्या पत्नी हात्सुनो यांनी विचारलं. "नुसत्या ‘न्’ने कुठलाच शब्द सुरू होत नाही आपल्यात."

"गाडी थांबत नसली म्हणून फलाटाला नंबर नसतो का?"

हात्सुनोबाईंनी तो विषय सोडला. मग जरा वेळाने म्हणाल्या, "नावं नीट वाचताय ना? एकेक लावून ऐकून तरी बघा. निदान आतला गाण्याचा कागद उघडा."

"चारशे बारा कागद उघडू? मला वाचता येत नाही का?"

घोटाळा इथेच झाला. आपल्या चित्रलिपीची गंमत अशी, की एकच अक्षर चार ठिकाणी चार तऱ्हांनी वाचतात. ‘उद्या’ घ्या. लिहायचं एकाच तऱ्हेने, पण घरात म्हणायचं ‘आशिता’, गाण्यात बहुतेक ‘आसू’, आणि सरकारी कागदात ‘म्योनिची’. ज्या माणसाने अडतीस वर्षं ‘म्योनिची सात चाळीसची गाडी रद्द’ असे फलक लिहिले, तो ते कसं वाचणार? त्यात गाणी लिहिणारे लोक तर एकदम चावट! लिहितात ‘बाई’, आणि गायला लावतात ‘माणूस’!

तेइझोंनी आठव्या दिवशी दुपारी चारला शेवटची कॅसेट खणात सरकवली. जुन्या नंबरांच्या चिठ्ठ्या सोलून काढल्या, जुनी यादी जाळली आणि सिग्नल पडल्यासारखा हात खाली केला.

सन्मानाच्या दिवशी सकाळी अकरापासून समाजमंदिर भरलं. दाराशी साठ जोडी चपला, आत गाद्यांवर साठ म्हातारे, समोर लाल भात, मुळ्याचं लोणचं आणि जवाचा गार चहा. ओगीमुराचे पुढारी होते नाकाओगुरुजी, चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेले. त्यांनी कपाटाकडे बघून मान डोलावली.

"वा! हे आमच्याकडेही हवं."

"आठ दिवसांचं काम," तेइझो म्हणाले. "घाई न करता."

माइक न्हावी ओयानागीच्या हातात होता. पहिलं गाणं अध्यक्षांचं.

"तोकिताबाई गातील, ‘फुरुसातो तोगे’!" ओयानागी ओरडला आणि ‘फु’च्या खणात हात घातला. मग डोकं घातलं. "स्टेशनमास्तर, नाहीये."

"कसं नाहीये? गावाकडच्या खिंडीचं ना? ‘को’मध्ये बघ. तीच अक्षरं, ‘कोक्यो’!"

"‘कोक्यो’ कोण म्हणतं?" तोकिताबाई माइकवरच बोलल्या. "आपल्या गावाला ‘कोक्यो’ म्हणायला मी काय जनगणनेला आलेय?"

पाहुणे हसले. कॅसेट मात्र ‘को’मध्ये निघाली. तेइझोंनी घाम पुसला. एक अपवाद! गाडीसुद्धा वर्षातून एकदा चुकते.

दुसरे होते कुसाकाबेआजोबा. वय अठ्ठ्याऐंशी, जन्मभर मासेमारी केलेले, कान जवळजवळ गेलेले. त्यांचं गाणं ठरलेलं, ‘हितो-मिसाकी’, भूशिरावर सोडून दिलेल्या बाईचं. ऐकून बायका बाहीने डोळे टिपतील इतकं दुःखी. ओयानागीने ‘हि’चा खण चाळला. तिथे ‘हितो...’ने सुरू होणारी एकच कॅसेट होती. त्याने घाईत नाव पुरतं वाचलंच नाही, दिली लावून!

ती निघाली बालवाडीची. ‘हितोत्सु’ म्हणजे एक; एक, दोन, तीन मोजायचं गाणं. डफली, शिट्ट्या आणि मधे मधे बदकाचा आवाज!

"बंद कर! बंद कर!" तेइझो धावले. "ते तिथे नाही, ‘ओ’मध्ये आहे! ‘बाई’ लिहिलंय ना? बाई म्हणजे ‘ओन्ना’!"

पण आजोबांनी डोळे मिटून सुरुवात केली होती. त्यांना डफलीही ऐकू येत नव्हती आणि बदकही. ‘तू गेलास, मी कड्यावर उभी’ म्हणून त्यांनी आर्त सूर लावला, की बदक म्हणायचं ‘क्वॅक!’ तिन्ही कडवी त्यांनी जीव ओतून गायली. साठ म्हातारे हसू दाबता दाबता गाद्यांवर आडवे झाले. एकाच्या नाकातून चहा आला. आजोबांनी डोळे उघडले, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं आणि समाधानाने वाकून नमस्कार केला.

"तुम्ही ‘ओन्ना’ वाचलंत?" नाकाओगुरुजी उठून उभे राहिले. "गाण्यात तिथे ‘हितो’ वाचतात, म्हणजे माणूस."

"लिहिलंय ते वाचलं मी! लिहिलंय एक आणि वाचायचं दुसरं, असं रेल्वेत केलं असतं तर दोन गाड्या समोरासमोर आल्या असत्या!"

"हे गाणं आहे, मालगाडी नाही!"

झालं! अर्धे कोसेहामाकर गुरुजींच्या बाजूने, अर्धे ओगीमुराकर मास्तरांच्या. जो तो उठून कपाटात हात घालू लागला. "हे ‘सोरा’ आहे, आकाश! ‘उच्यू’ वाचून अंतराळात का टाकलंय?" "अहो, माझं गाणं कुठंय?" ओयानागी माइकवरून शांततेचं आवाहन करत होता आणि माइक शिट्टी वाजवत होता.

एवढ्यात त्याने हातातली पुढची चिठ्ठी वाचली. मग हळूच म्हणाला, "आता... सुगानो हात्सुनोबाई."

तेइझो वळले. त्यांची बायको चारचौघांत गाणार? पाहुण्यांना चहा देतानासुद्धा दाराआडून बोलणारी? पण हात्सुनोबाई निळा किमोनो नेसून खरंच मंचाजवळ उभ्या होत्या. तीन महिने दर बुधवारी तेइझो गळ टाकायला धक्क्यावर गेले, की त्या इथे येऊन तोकिताबाईंसमोर सराव करत होत्या. नवऱ्याला चकित करायचं ठरलं होतं.

"‘आसू नो फुनाबा’," ओयानागीने वाचलं.

तेइझो ‘आ’च्या खणाकडे झेपावले. एकतीस कॅसेटी. त्यात नव्हती. पुन्हा पाहिल्या. मग ‘ए’मध्ये, ‘ओ’मध्ये, आणि कान लाल झाल्यावर त्या रिकाम्या ‘न्’मध्येसुद्धा! मागे साठ माणसं बघत होती आणि गुरुजी हाताची घडी घालून उभे होते. तेइझोंनी ओयानागीच्या हातातला माइक घेतला.

"असं गाणं," ते ठाम आवाजात म्हणाले, "या समाजमंदिरात नाही."

"तीन महिने मग मी काय गात होते?"

कुणीच हसलं नाही. हात्सुनोबाईंच्या हातातला रुमाल चुरगळला होता. त्या मागे वळून घरी जातील असं सगळ्यांना वाटलं. तेइझोंनाही वाटलं.

पण त्या वळल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, मग सगळ्यांमधून वाट काढत त्या सरळ कपाटाशी गेल्या, मधल्या ओळीतल्या ‘मि’च्या खणात हात घातला आणि पहिल्याच झटक्यात कॅसेट बाहेर काढली.

"कसं कळलं तुला?" तेइझो पुटपुटले.

"‘उद्या’ दिसलं की तुम्ही ‘म्योनिची’च वाचणार, आणि ते मुळाक्षरांत लिहायचं तर सुरुवात ‘मि’ने होते," त्या म्हणाल्या. "लग्नाची मागणी घातलीत तेव्हासुद्धा ‘म्योनिची उत्तर कळवावे’ असंच म्हणाला होतात."

मग त्यांनी गायलं. उद्या बोट येईल म्हणून धक्क्यावर थांबलेल्या बाईचं गाणं. पहिल्या ओळीत आवाज कापला, दुसरीत सावरला, आणि तिसऱ्या ओळीपासून समाजमंदिरात चहाचा पेलासुद्धा कुणी उचलला नाही. तेइझो कॅसेटीची रिकामी डबी छातीशी धरून उभे होते. संसाराच्या सदतीस वर्षांत आपल्याला हा आवाज ऐकू कसा आला नाही, हे त्यांना कळत नव्हतं. गाणं संपल्यावर सगळ्यांत आधी टाळी गुरुजींनी वाजवली, आणि सगळ्यांत शेवटपर्यंत वाजवत राहिले ते तेइझो.

पाहुणे गेल्यावर तोकिताबाईंनी निर्णय दिला. "गाण्यांच्या नावांचा नाद पुरे. पुढच्या वेळी गायकांच्या नावांप्रमाणे लावू."

"उत्तम!" तेइझो ताठ झाले. चेहरा पुन्हा फुलला. "माणसाच्या नावात घोळच नाही! ज्याचं नाव त्याचं, एकच वाचन! चार दिवसांत करून देतो!"

हात्सुनोबाई चहाचे पेले गोळा करत होत्या.

"अहो, आपल्या दारावर ‘सुगानो’ लिहिलंय, आणि तीच अक्षरं वाचून पोस्टमन सतरा वर्षं तुम्हाला ‘कान्नोसाहेब’ म्हणून हाक मारतोय."

"मग?"

"तुम्ही ओ देता ना?"

तेइझोंनी चपला शोधायला सुरुवात केली.

"त्याला उगाच वाईट वाटलं असतं," ते म्हणाले.